मानवत रोडहून वरळीला

मानवतचा हिवाळा कापसाचा. परभणी-पाथरी रस्त्यावर जिनिंगकडे निघालेल्या गाड्या, मालावर ताणून बांधलेल्या जाळ्या, कडेच्या बाभळींना अडकलेले पांढरे पुंजके. पलीकडच्या शेतांत ज्वारी निसवलेली असते आणि डिसेंबर सरता सरता हुरडा सुरू होतो. वेचणीमुळे वर्गातली हजेरी घटते, तरी याच दिवसांत शाळांमध्ये तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाची धावपळ चालू असते. तालुक्याला निवडलेलं उपकरण जिल्ह्याला जातं, तिथून राज्याला, आणि नशिबात असेल तर राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनीपर्यंत.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे ही प्रदर्शनं मी फार जवळून पाहिली आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. सलाइनच्या नळीचं ठिबक सिंचन, वाळू-कोळशाचं पाणी गाळायचं यंत्र, खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून उसळणारा ज्वालामुखी. पोरं जीव ओतून हे करतात. पण दोन गोष्टी मला वर्षानुवर्षं खुपत आल्या आहेत. एक म्हणजे टेबलाटेबलावर चिकटवलेली ‘कृपया हात लावू नये’ ही चिठ्ठी. दुसरी प्रदर्शनाची वेळ. ते सकाळी दहाला उघडतं आणि पाचला बंद होतं. त्या वेळी या मुलांचे आईबाप शेतात असतात. ज्यांनी घरातली बादली, नळी, सायकलची जुनी ट्यूब काढून दिली, त्यांना लेकरानं काय केलं ते दिसतच नाही.

माझ्या भाच्यानं अशाच एका प्रदर्शनानंतर विचारलं, “आत्या, हात लावू देणारं प्रदर्शन कुठं असतंय का?” मी म्हटलं, असतं. मुंबईला, वरळीला. नाताळच्या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आले होते. भाचा, त्याची धाकटी बहीण, माझी आई आणि मी असे चौघं निघालो. आईला मुद्दाम घेतलं. “मला काय कळतंय त्यातलं,” असं ती म्हणाली खरी, पण लेकरं जायलीत म्हटल्यावर तिनं भाकरी बांधायला घेतल्या.

मानवतहून मुंबईला जायचं तर आधी मानवत रोडला जावं लागतं. स्टेशन गावापासून काही किलोमीटर दूर, रानात. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस येईपर्यंत फलाटावर थंडी अंगात शिरते. दिवे कमी असल्यामुळे वर आकाश मात्र भरलेलं असतं. मृग नक्षत्र पूर्वेला पुरतं वर आलेलं होतं, त्याच्या पुढं रोहिणी, आणखी पुढं कृत्तिकांचा झुबका. मृगाचे तीन तारे मुलांनी ओळखले. त्या तिघांची रेघ खाली वाढवत नेली की व्याध सापडतो, हे आईनं दाखवलं. तिला ते तिच्या आईनं दाखवलं होतं, रात्री खळ्यावर राखणीला बसल्यावर. वरळीला पोचण्याआधीच आमचं पहिलं दालन पाहून झालं होतं.

सेलू, परतूर, जालना, संभाजीनगर, मनमाड. पाचशे किलोमीटरच्या वरचा प्रवास झोपेत गेला. सकाळी दादरला उतरून लोकलनं महालक्ष्मी, आणि तिथून थोडं चालत नेहरू विज्ञान केंद्र. आता मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेवर या केंद्राच्या नावाचं स्टेशनही झालं आहे. एखाद्या शहरात स्टेशनला विज्ञान केंद्राचं नाव मिळावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

हे केंद्र एका झटक्यात उभं राहिलेलं नाही. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं एक दालन सुरू झालं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं; त्या वर्षी बाहेरचं विज्ञान उद्यान मुलांसाठी खुलं झालं. पूर्ण केंद्राचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. म्हणजे पूर्ण इमारतीच्या आधी बाग आली. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. आधी मुलांना खेळू द्या, भिंती मागून बांधता येतात.

आम्हीही बागेपासूनच सुरुवात केली. झाडांमध्ये एक लढाऊ विमान उभं आहे, एचएफ-२४ मारुत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं जर्मन अभियंता कुर्ट टँक याच्या मार्गदर्शनाखाली ते बनवलं, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं आणि १९७१ च्या युद्धात लोंगेवालाच्या बाजूला लढलं. भारतातच विकसित झालेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान. भाचा त्याच्या पोटाखाली जाऊन रिबिटांच्या ओळी पाहत राहिला. त्याला पंखांपेक्षा जोड कसे मारलेत यात रस होता. त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं दुकान आहे, नजर तिथली.

पुढं कप्प्यांची जागा होती. खुर्चीत बसायचं, दोर ओढायचा आणि स्वतःच स्वतःला वर उचलायचं. एका खुर्चीला कमी कप्प्या, दुसरीला जास्त. कमी कप्प्यांच्या खुर्चीत भाची जागची हलेना, आणि जास्त कप्प्यांच्या खुर्चीवर बसून हसत हसत वर गेली. मी पाठ्यपुस्तकातलं वाक्य सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली, “वझं हलकं झालं, पण दोर किती वढावा लागायला बघ.” यांत्रिक फायद्याचा सगळा धडा त्या एका वाक्यात आहे. चार दोरांवर भार वाटला की जोर चौथा हिस्सा लागतो, आणि एक हात वर जायला दोर चार हात ओढावा लागतो. कष्ट कुठं जात नाहीत, फक्त वाटले जातात. आमच्या जुन्या वाड्यातल्या आडावर एकच कप्पी होती. एका कप्पीनं जोराची फक्त दिशा बदलते, वजन तेवढंच राहतं. आईनं त्या कप्पीवरून ऐन उमेदीची वर्षं पाणी शेंदलं आहे. ती खुर्चीच्या वरच्या आडव्या दांडीकडं बराच वेळ पाहत उभी होती. मग तिनं स्वतः दोर हातात घेतला, आणि पदर खोचून खुर्चीत बसली. भोवतीची मुंबईची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

त्या बागेत घालवलेला सगळ्यांत मोलाचा वेळ कोणता, असं विचाराल तर मी हाच सांगेन. विज्ञान केंद्रात कुटुंबानं जायचं ते लेकरांना सोबत म्हणून, असा आपला समज असतो. खरं पाहता ज्यांनी आयुष्यभर हातानं कामं केली, त्यांच्या हातांना तिथं काय चाललंय ते सर्वांत आधी कळतं. शाळेनं ज्यांना अडाणी म्हटलं त्यांच्याकडं निरीक्षण असतं, नाव नसतं. नाव मी देऊ शकते. निरीक्षण मला आईकडून घ्यावं लागलं.

झोक्यांवरही असंच झालं. सारख्या लांबीच्या दोन झोक्यांवर आजी आणि नात शेजारी शेजारी बसल्या. वजनात एवढा फरक, तरी दोघींचे झोके एका तालात. आखूड दोराचा झोका मात्र घाईनं जातो-येतो. झोक्याची वेळ वजनावर ठरत नाही, दोराच्या लांबीवर ठरते. दोर चौपट केला तेव्हा कुठं वेळ दुप्पट होते. नागपंचमीला आमच्याकडं निंबाला झोके बांधतात. तिथं हे दरवर्षी घडत असतं आणि शिकवणारे आम्ही तिकडं पाहत नाही.

मग समोरासमोर, लांब अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोठ्या तबकड्या. एका तबकडीच्या मध्याशी तोंड नेऊन कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. मधे शाळांच्या सहली ओरडत होत्या, तरी. तबकडीचा आकार असा असतो की तिच्यावर समोरून आलेला सगळा आवाज एका बिंदूवर गोळा होतो आणि त्या बिंदूवरून निघालेला आवाज सरळ समोर जातो. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद इथं याच तत्त्वावरच्या तीस महाकाय तबकड्या आहेत, प्रत्येक पंचेचाळीस मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती जीएमआरटी दुर्बीण आवाजाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करते. २८ फेब्रुवारीला, रामन परिणामाच्या शोधाच्या दिवशी, खोडदला गावोगावच्या शाळा प्रयोग घेऊन येतात आणि दुर्बीण लोकांसाठी खुली असते. भाच्यानं हे ऐकून लगेच विचारलं, खोडद मानवतहून किती लांब? कल्याणहून निर्मलला जाणारा जो महामार्ग आमच्या गावातून जातो, तोच पश्चिमेला अहिल्यानगर ओलांडून आळेफाट्यापर्यंत नेतो आणि तिथून नारायणगाव जवळच आहे. पोरगं बेत आखायला लागलं.

आतल्या दालनांबद्दल मी थोडक्यातच सांगते. प्रकाश, ध्वनी, उत्क्रांती, अणुऊर्जा, आरसे. बहुतेक ठिकाणी काहीतरी फिरवायचं, दाबायचं, ढकलायचं असतं आणि मग काय होतं ते पाहायचं. दुपारपर्यंत सहलींची गर्दी इतकी झाली की एकेका प्रयोगाला रांग लागली. ज्यांना सावकाश पाहायचं आहे त्यांनी उघडल्या उघडल्या आत जावं आणि सगळं पाहायचा हट्ट सोडावा. पाच प्रयोग पोटभर करणं हे पन्नास पाहण्यापेक्षा बरं.

याच केंद्रात हिवाळ्याच्या सुमारास पश्चिम भारत विज्ञान मेळावा भरतो. वेगवेगळ्या राज्यांतली शाळकरी मुलं आपली उपकरणं घेऊन येतात. आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता. पण तो मेळावा म्हणजे आमच्या तालुक्याच्या प्रदर्शनाचाच मोठा भाऊ, आणि मानवतच्या मुलानं तिथं उभं राहावं हे मला अशक्य वाटत नाही.

हिवाळ्यात घरच्या सगळ्यांनी मिळून विज्ञान पाहायचं, ही रीत जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होतात. मायकेल फॅरडेनं ती एकोणीस वेळा दिली. त्यातली सर्वांत गाजलेली मालिका एका साध्या मेणबत्तीवर होती. ती का जळते, ज्योत पिवळी का, धूर कुठून येतो, पाणी कसं तयार होतं. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला. म्युनिकमध्ये ऑस्कर फॉन मिलर यानं १९०३ मध्ये जे संग्रहालय स्थापन केलं, तिथं यंत्रं काचेत ठेवण्याऐवजी पाहणाऱ्यानं चालवायची अशी सोय केली. ते पाहून डॉ. बिधानचंद्र रॉय भारावले आणि कोलकात्यात १९५९ मध्ये बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय उभं राहिलं. आपल्याकडच्या बऱ्याच विज्ञान केंद्रांचं मूळ तिथं आहे.

आणि आमच्यासारख्या गावांसाठी त्याहून महत्त्वाची गोष्टही तिथंच झाली. १९६५ मध्ये कोलकात्याच्या त्या संग्रहालयानं, सरोज घोष यांच्या पुढाकारानं, प्रयोग वाहनात भरून शाळांकडं न्यायला सुरुवात केली. जे लोक संग्रहालयापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं संग्रहालयानं जावं, एवढा सरळ विचार. आज देशभरातली विज्ञान केंद्रं अशा बस चालवतात. एकेका विषयावरचे वीसेक प्रयोग बसमध्ये बसवलेले असतात. बस शाळेच्या मैदानात उभी राहते, मुलं भोवती फिरून प्रयोग करतात, रात्री आकाशदर्शनही होतं. वरळीची बसही महाराष्ट्राच्या गावांत जाते. मुंबई, नागपूर, सोलापूर, पिंपरी-चिंचवड इथं मोठी केंद्रं आहेत, संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात अंतराळ विज्ञानाचं केंद्र आहे. पण मानवतच्या शेतमजुराच्या मुलीला यातलं कोणतंही गाठायचं तर घरातल्या कुणाची तरी दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून मला ती बस इमारतींपेक्षा मोठी वाटते.

परतीच्या गाडीत भाची माझ्या मांडीवर झोपली आणि भाचा शेजारच्या प्रवाशाला कप्प्यांचं गणित समजावून सांगत होता. वरळी त्याच्या डोक्यात भिनली होती. त्याला वाटत होतं विज्ञान मुंबईला असतं. हे मला त्याच्या मनात राहू द्यायचं नव्हतं. म्हणून घरी आल्यावर लगेचच्या रविवारी मी त्या दोघांना पाथरीला नेलं.

मानवतहून पाथरी पंधरा-वीस किलोमीटर. साईबाबांचं जन्मस्थान मानून लांबलांबून लोक तिथं येतात. मी मुलांना दुसऱ्याच एका पाथरीकराची गोष्ट सांगितली. या गावाचं जुनं नाव पार्थपूर. इथं ज्ञानराज नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्यानं १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुन्दर’ हा खगोलावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहांची गणितं आहेत, पृथ्वीचं वर्णन आहे, वेध घ्यायच्या यंत्रांवर एक प्रकरण आहे आणि ऋतूंच्या वर्णनाला वाहिलेलं एक काव्यमय प्रकरणही आहे. त्याचा मुलगा सूर्यदास यानं भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. याच सूर्यदासानं असं एक काव्य रचलं की सरळ वाचलं तर रामाची कथा आणि उलट वाचलं तर कृष्णाची. गोदावरीकाठच्या गोलग्रामचं एक ज्योतिषी घराणं तर पुढं काशीला गेलं आणि त्या घराण्यातल्या कमलाकरानं १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या मंडळींची नोंद करून ठेवली, म्हणून ती आपल्याला मराठीत वाचता येतात.

भाच्यानं विचारलं, “त्यांच्याकडं दुर्बीण होती का?” नव्हती. दुर्बीण ज्ञानराजाच्या ग्रंथानंतर शंभरेक वर्षांनी आली. त्यांच्याकडं शंकू होता. सपाट जमिनीवर ताठ रोवलेली काठी. तिच्या सावलीवरून दिशा, मध्यान्ह, आपल्या गावाचे अक्षांश, वर्षाचा दिवस एवढं सगळं काढता येतं. ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी काठीला कुणी लावत नाही.

तेव्हापासून मी एका गोष्टीच्या मागं लागले आहे आणि हे लिहिण्याचं कारणही तेच. आमच्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन थर्माकोलमधून बाहेर काढायला हवं. पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी वापरून भूमिती शिकवली, तांब्याची तार, चुंबक आणि सेफ्टी पिनांतून फिरणारी मोटर करून दाखवली. यातली प्रत्येक वस्तू मानवतच्या बाजारात मिळते. प्रदर्शनाचा एक दिवस तरी संध्याकाळी सहा ते नऊ ठेवावा, वेचणीवरून परतलेल्या आईबापांना आणि आजीआजोबांना बोलवावं, आणि त्या तीन तासांत प्रत्येक वस्तूला हात लावायची मुभा असावी. मोडली तर ती दुरुस्त करणं हाही प्रयोग धरावा. मैदानात झोके बांधावेत, कप्प्या टांगाव्यात, दिवे मालवून मृग आणि व्याध दाखवावेत. आणि मुख्याध्यापकांनी पुढाकार घेऊन फिरत्या विज्ञान बससाठी केंद्राला पत्र लिहावं. पत्राला पोस्टाचा खर्च येतो, तेवढाच.

शाळेची वाट पाहायची नसेल त्यांनी घरीच सुरुवात करावी. २२ डिसेंबर, वर्षातला सर्वांत छोटा दिवस. अंगणात किंवा गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून ताठ उभी करा. दुपारी सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. मानवतला साधारण बारा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होईल आणि तिची लांबी भरेल सुमारे ९२ सेंटीमीटर. त्या क्षणी ती बरोबर उत्तरेकडं पडलेली असेल. हीच मोजणी २१ मार्चला केलीत तर सुमारे ३५ सेंटीमीटर मिळतील, आणि मे महिन्याच्या मध्यानंतर लगेच एका दुपारी काठीला सावलीच राहणार नाही. मोजमाप लेकरांना घेऊ द्या, खुणा आजीला करू द्या, आणि आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा.